भिंतीला हात न लावता

“मावशी, भिंतीला हात नका लावू,” ती मुलगी लांबूनच ओरडली आणि चपला वाजवत धावत आली.

शालनने दचकून हात काढला. तळवा पार काळा झाला होता. भिंतीवर कमरेच्या उंचीला एक लांबलचक पुसट पट्टा उमटला होता, दारापासून आम्ही उभ्या होतो तिथपर्यंत.

“एवढी मोठी इमारत बांधली आणि भिंतीला चुना मारायचा राहिला व्हय?” मी म्हणाले. चूक आपल्या माणसाची असली की आधी आवाज चढवायचा, ही माझी जुनी सवय.

“ही नुसती भिंत नाही, चित्र आहे,” मुलगी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “कोळशाने काढलंय. थेट भिंतीवर. तुम्ही जरा मागे येऊन बघा.”

आम्ही मागे सरलो. आणखी मागे सरलो. तेव्हा कुठे दिसलं की ती अख्खी भिंत म्हणजे पुराची नदी होती. वर झाडांचे शेंडे, मध्ये एका देवळाचा नुसता कळस, बाकी सगळं पाणी. आणि त्या पाण्यातून शालनचा हात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला होता.

“अगं आई,” शालन म्हणाली. “मी पुसलं की गं.”

मुलीने खाली वाकून, वर बघून, डोळे बारीक करून तो पट्टा तपासला. मग बाजूला जाऊन कुणाला तरी फोन लावला. आम्ही दोघी शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारख्या उभ्या. शालनने माझा दंड इतका घट्ट धरला होता, की माझ्या ब्लाउजच्या बाहीवर तिची पाचही बोटं उमटली. मुलगी परत आली तेव्हा जरा हसत होती.

“चित्रकार म्हणाले, पाण्यातच हात गेलाय ना, मग राहू दे. पण पुढे मात्र जपून हं मावशी. इथे पुष्कळ कामं अशीच उघडी आहेत. मी येते तुमच्याबरोबर.”

म्हणजे आमच्यावर पहारा बसला. तिच्या छातीवरच्या पट्टीवर ‘मृण्मयी’ लिहिलं होतं. ते नाव माझ्या जिभेला पेलणारं नव्हतं, म्हणून मी तिला पोरी म्हणायला सुरुवात केली.

शालनला चित्राची खोडी काढायची नव्हती. ती गेलं वर्षभर कुठेही भिंत धरल्याशिवाय चालतच नव्हती, एवढंच कारण. आता या गोष्टीला बारा-तेरा वर्षं झाली, पण तिचा तो भिंत चाचपणारा हात आठवला की अजूनही माझा दंड आपोआप पुढे होतो.

शालन इंगवले आणि मी, छबू सासने, कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत एका गल्लीत राहतो. ती अंगणवाडीची शिक्षिका, माझी पिठाची गिरण. ती वाळकी शेंग, मी भरलेलं पोतं. आणि तरीही, म्हणजे खरं तर म्हणूनच, पेठेत आमच्यासारखी फुगडीची जोडी नव्हती. आमच्याकडे गौरी-गणपतीच्या आसपास झिम्मा-फुगडीच्या स्पर्धा होतात. त्या म्हणजे हौसेचा हळदीकुंकू समारंभ नव्हे. मंडळाची मंडळं उतरतात, नऊवारी कासोटे घालून बायका घाम गाळतात, आणि हरलेल्या मंडळाला वर्षभर टोमणे खावे लागतात. आमची जोडी उतरली की समोरचं मंडळ निम्मं तिथेच गार व्हायचं.

आदल्या वर्षी भर स्पर्धेत, फुगडीला वेग आलेला असताना, शालनचे डोळे एकदम फिरले. तिचे हात माझ्या हातांतून सुटले आणि ती मंचावरून खाली गेली. लोक आधी हसले. मग हसायचं थांबले. कुणीतरी मोबाइलवर ते सगळं घेतलं होतं आणि आठवडाभर ते पेठेत घरोघर फिरलं. पुढे कळलं, की कानाच्या आत बारीक खडे असतात आणि ते जागचे हलले की माणसाला सगळं जग गरगरताना दिसतं. कोल्हापुरात दोन डॉक्टर झाले, मग तिच्या भाच्याने पुण्याचा सुचवला. त्याने डोकं इकडे-तिकडे फिरवून खडे जागेवर बसवले आणि चक्कर थांबली. भीती मात्र तिथेच राहिली. शालनचा नवरा बापू, साधा जीव, त्याने प्रेमाने मोरीत, जिन्यात, अंथरुणाशेजारी धरायला लोखंडी दांड्या बसवून घेतल्या. घरातून बाहेर पडली की भिंत, भिंत संपली की माझा दंड. मोकळ्या मैदानातून ती जायचीच नाही. अंगणवाडीतल्या पोरांना गोल करून खेळवणं तिने बंद केलं होतं.

त्या दिवशी आम्ही पुण्याच्या डॉक्टरकडे शेवटच्या तपासणीला आलो होतो. तो म्हणाला, “कान एकदम ठणठणीत आहे. आता मला तोंड दाखवू नका.”

“फुगडी घातली तर चालंल?” मी विचारलं.

डॉक्टरला वाटलं मी चेष्टा करते आहे. “घाला की,” तो म्हणाला.

शालनने बाहेर आल्यावर मला फैलावर घेतलं. “तुला कुणी विचाराय सांगितलं गं? मालनआक्काचा फोन येणार हाय आज. मी सांगणार हाय, माझं नाव काढ म्हणून. ह्या सालचं बी आणि पुढचं बी.”

मालनआक्का आमच्या मंडळाची अध्यक्ष. संध्याकाळपर्यंत तिला स्पर्धेची नावं द्यायची होती. शालनचं नाव गेलं म्हणजे माझंही गेलंच, कारण तिच्याशिवाय मी कुणाचे हात धरणार? पण माझं जाऊ दे. मला कळत होतं, की आज हिने एकदा तोंडाने ‘नको’ म्हटलं, की ही बाई पुन्हा कधी भिंत सोडणार नाही. डॉक्टरने कान बरा केला होता. बाकीची शालन बरी करायला माझ्या हातात एसटी सुटेपर्यंतचा वेळ होता, आणि कशी करायची ते मला अजिबात ठाऊक नव्हतं.

आता आम्ही तिथे कशा पोचलो, तर ऊन मी म्हणत होतं आणि आम्हाला दोघींना मोरीला जायचं होतं. समोर फाटक दिसलं, ‘समकालीन कला संग्रहालय’ असं लिहिलेलं. पूर्वी तिथे साबणाचा कारखाना होता म्हणे. कलेसाठी वगैरे काही नाही, हे मी आधीच सांगून टाकते. आत गेलो, मोकळ्या झालो, थंड हवा लागली, आणि तिकीट काढलंच आहे तर बघून घेऊ म्हणून पुढे निघालो तो ही नदी आडवी आली.

नदीनंतर शालनची पंचाईत झाली. त्या इमारतीत तिला धरायला काहीच उरलं नाही. भिंतींवर चित्रं, खांबांना तारा गुंडाळलेल्या, आणि त्या तारासुद्धा कुणाची तरी कला. एका दालनात एक साधी लाकडी खुर्ची होती. शालन आशेने तिकडे वळली, तर पोरगी म्हणाली, “मावशी, तीही नाही.”

“खुर्ची बी?”

“हो. तिचा चौथा पाय मेणाचा आहे. बसलात तर पडाल.”

“बसायची न्हाय ती खुर्ची कशाला केली?” मी विचारलं.

“बघून काय वाटतं, त्यासाठी.”

“काय वाटतं?” मी शालनला विचारलं.

शालन त्या खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिली. “माझ्यासारखी हाय,” ती म्हणाली. “बाहेरनं सगळी धड.”

मग माझा दंड धरून शालन पुढे निघाली आणि आम्ही शेवटच्या दालनात आलो.

ते दालन म्हणजे कारखान्याची मोठी शेड होती, उंच छपराची. मधोमध एक प्रचंड लाकडी तबकडी होती, चार खाटा मावतील एवढी. ती जमिनीपासून वीतभर उंच होती आणि फक्त मधल्या एका गोळ्यावर टेकली होती. कडेला माणूस उभा राहिला की तिकडची बाजू खाली आणि समोरची वर. छताला तेवढंच मोठं एक लोखंडी कडं टांगलं होतं आणि त्या कड्याला दिवेच दिवे, सगळे विझलेले. खाली पाटीवर लिहिलं होतं: दोघांनी चढावे. पळू नये, उड्या मारू नयेत. तबकडी समतोल राहील तोवर दिवे लागत जातील.

“ह्याला हात लावायचा न्हाय, पण पाय चालतोय,” मी म्हणाले. शालन हसली नाही. दाराशी एक बाक होतं. त्यावर ‘बसण्यासाठी’ असं चक्क लिहिलं होतं. तिने बसून बाकाची कड धरली.

तबकडीवर एक पुणेरी जोडपं चढलेलं होतं. नवऱ्याचं नाव सबनीस, कारण बायको त्याला “अहो सबनीस” म्हणत होती. दोघं समोरासमोरच्या कडांवर उभे होते. तो इंचभर सरकला की ती खाली जायची, मग ती सरकायची, मग तो घसरायचा.

“तू हलू नकोस, मी हलतो.”

“मघापासून तुम्हीच हलताय.”

“गणित सोपं आहे. तुझं वजन जास्त, तू आत ये.”

“अहो सबनीस, घरी चला, मग सांगते कोणाचं किती ते.”

वर तीन-चार दिवे लागले आणि विझले. पोरीने आम्हाला सांगितलं की संग्रहालय उघडल्यापासून अर्धंसुद्धा कडं कुणी लावलेलं नाही. कॉलेजची मुलं येतात, योगासनं शिकवणारे येऊन गेले, पण थोडे दिवे लागतात आणि तबकडी कलते.

मी शालनकडे बघितलं. ती सबनिसांच्या पावलांकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. मग तिला राहवलं नाही.

“काका, कडंला कशाला जाताय? दोघं मधी या. पायाला पाय लावा आणि माघारी झुका.”

“मागे झुकलो तर पडू ना हो,” सबनीस म्हणाले.

त्या शब्दासरशी शालनचं तोंड मिटलं. तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि खाली बघायला लागली. मला त्या सबनिसांचा असा राग आला की सांगता सोय नाही, पण त्या बिचाऱ्याचा काय दोष?

ते दोघं उतरल्यावर मी उठले. “पोरी, चल. मी चढतो, तू ये.”

पोरीने इकडेतिकडे बघितलं, कोण पुरुष बोलला म्हणून. आम्ही कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतो, येतो-जातो-करतो. पुण्याच्या माणसाला ते कळेपर्यंत आमचं काम उरकलेलं असतं.

आम्ही चढलो. मधोमध गेलो, मी तिच्या पायाला पाय लावले, हातांची कैची करून तिचे हात धरले. “झुक माघारी,” मी म्हणाले. पोरगी झुकली, पण नुसती मानेने. कंबर माझ्याकडेच. मी जरा मागे गेले की ती घाबरून माझ्या अंगावर यायची. तबकडी तिच्या बाजूला डुगडुगली, माझ्या बाजूला आदळली, आणि मी अशी बसले की दालन दणाणलं. सात-आठ दिवे लागले होते तेवढेही विझले.

सबनीसबाईंनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र एकदम रडू आलं. लागलं म्हणून नव्हे. किती महिन्यांनी मी कुणाचे तरी हात धरले होते, आणि ते हात शालनचे नव्हते. मी उतरले आणि तरातरा तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“ऊठ.”

“मला नगं म्हणलं ना छबू.”

“ऊठ म्हणतो.”

“तुला काय जातंय बोलाय? तू नव्हतीस पडली.”

“व्हय, मी नव्हतो पडलो,” मी म्हणाले. “मी वर उभा होतो. तुझे हात गेले आणि माझ्या मुठीत तुझ्या बांगडीचा तुकडा राहिला. तू खाली, आणि मी वर तो तुकडा धरून. त्या दिसापास्नं मी एकदा तरी कुणाबरोबर फुगडी घातली का? पोरी बोलवत्यात, मी गुडघा दुखतोय म्हणून सांगतो. माझा गुडघा दगडागत हाय, तुला म्हाईत हाय. मला भ्या वाटतंय शालन. तुझ्यापरास जास्त वाटतंय. तू पडशील तर पडशील. मी सोडलं तर?”

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. तिच्यासमोर तर नाहीच, कारण मी धीर देणारी, ती घेणारी, असं आमचं ठरून गेलं होतं.

शालनने मान वर केली. वर्षभर ती खाली, बाजूला, भिंतीकडे बघत होती. तिने सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं.

“तुला भ्या वाटतंय?”

“लई.”

“मग आदी सांगाय काय झालतं?”

“तूच हादरलेली. त्यात आणि माझं कुठं सांगू?”

“खुळीच हैस,” ती म्हणाली. “मी एकटीच भ्यालेली वाटत हुती मला. सगळं घर मला धरतंय, छबू. सगळी मला धरत्यात. मी कुणाला धरायचं?”

“मला धर की,” मी म्हणाले. “मी पडाय लागलोय.”

तिने बाकाची कड सोडली.

बाकापासून तबकडीपर्यंत नुसती मोकळी फरशी होती. शालनचा उजवा हात सवयीने बाजूला गेला. तिथे भिंत नव्हती. मी पुढे होऊन दंड देणार होते, पण तिने मान हलवली. हात हवेतच जरा वेळ राहिला, मग तिने तो पदरावर पुसला. तळव्याचा कोळसा पदराला लागला. आणि ती चालत गेली. लहान लहान पावलं टाकत, पण सरळ. पोरगी काहीतरी बोलणार होती, मी तिला डोळ्याने गप्प केलं.

तबकडीवर पाय ठेवताच ती कलली. शालन मटकन खाली बसली. मी दुसऱ्या बाजूने चढले तेव्हा तबकडी पुन्हा हलली आणि शालनने चष्म्याआड डोळे गच्च मिटले. आम्ही दोघी पन्नाशीच्या बायका लहान लेकरांसारख्या बसून सरकत सरकत मध्यावर आलो. तिथे एकमेकींना धरून उभ्या राहिलो. पायाला पाय लावले. हातांची कैची केली. तिचे हात गार पडले होते, पण पकड तीच, अंगठा आतून घेणारी. माझ्या हातांनी ती लगेच ओळखली.

फुगडीत एक गोष्ट असते, ती न खेळणाऱ्याला कळत नाही. दोघींचं वजन सारखं नसतं. जड असेल तिने हात आखडून जवळ राहायचं, हलकी असेल तिने लांब झुकायचं. म्हणजे आमच्यात मी निवांत, आणि शालनने जवळजवळ आडवं होईपर्यंत स्वतःला मागे सोडून द्यायचं. इतकी वर्षं लोक माझ्या ताकदीचं कौतुक करायचे. खरी छाती तिची होती.

“डोळं उघड,” मी म्हणाले. “खाली बगू नगं, वर बगू नगं. माझ्या तोंडाकडं बग.”

“काय बगायचंय त्यात?” डोळे मिटूनच ती म्हणाली.

“न्हाय आवडत तर न्हाय. पण तेवढंच एक हलणार न्हाय, बाकी सगळं हलंल.”

तिने डोळे उघडले. आणि झुकली.

आधी मानेने, मग खांद्यांनी, मग कंबर सुटली. माझ्या खांद्यात ओढ आली. ती ओढ मी वर्षभर मागत होते, अंथरुणात, गिरणीत, देवापुढे. मी हात आखडले. तबकडी एकदा डुगडुगली आणि थांबली. अगदी थांबली, भरल्या परातीतलं पाणी थांबतं तशी. सबनीसबाई म्हणाल्या, “लागले हो, लागले.” मी वर बघितलं नाही. मी शालनकडे बघत होते आणि ती माझ्याकडे.

पुढचं मी केलं नाही, हे सांगायलाच हवं. मी नुसती उभी राहून समाधान मानणार होते. पाय तिने उचलला.

एक पाऊल. मी सावरले आणि दुसरं टाकलं. तिसरं तिचं. तबकडी खाली थरथरली पण कलली नाही, कारण आम्ही मध्याला खिळलेल्या होतो आणि दोन्हीकडचा भार सारखा होता.

“मावशी, पळायचं नाही हं, पाटीवर लिहिलंय,” पोरगी घाबरून म्हणाली.

“कोण पळालंय गं?” शालन म्हणाली. “जागंवरच हाय आम्ही.”

आणि तिने वेग दिला.

काय सांगू तुम्हाला. भिंती गेल्या, दार गेलं, सबनीस गेले, ती शेडच सगळी रेघा होऊन आमच्याभोवती फिरायला लागली. आमच्या पायांचा ताल लाकडावर असा घुमायला लागला, की मंडळाच्या ढोलकीची गरजच नव्हती. माझा अंबाडा सुटला. शालनच्या तोंडावर आधी घाम आला, मग रंग आला, आणि मग ते हसू आलं, दात दाखवणारं, समोरच्या मंडळाला खिजवणारं. ते हसू कायमचं गेलं असंच मी धरून चालले होते. तिच्या चष्म्याच्या काचांत एकेक करून उजेड वाढत होता. मी ते सगळे दिवे तिथेच बघितले. टाळ्यांचा आवाज आला तेव्हा कळलं की अख्खं कडं पेटलं आहे.

आम्ही हळूहळू वेग उतरवला, जसा उतरवायचा असतो तसा, आणि थांबलो. दालनात बरीच माणसं जमली होती. दुसऱ्या दालनांतला पहारेकरीही आला होता. पोरगी तोंडावर हात धरून वर बघत होती. तिला रडू येत होतं की हसू, ते तिलाच माहीत.

शालन जराशी हेलपाटली. मी तिचे हात सोडले नाहीत.

“चक्कर आली?”

“आली की,” ती धापा टाकत म्हणाली. “फुगडीनं येती तीच. बरी हाय, येऊ दे.” आणि ती मोठ्याने हसली. मीही हसले आणि रडलेही, लाज कशाची? त्या दालनात आम्हाला ओळखणारं कोण होतं?

आम्ही उतरलो. म्हणजे मी उतरले. मी बाकाकडे जाऊन पिशव्या गोळा करत होते, तेवढ्यात सबनीसबाई तबकडीपाशी आल्या आणि भीत भीत म्हणाल्या, “अहो, मला जमेल का हो? मला लहानपणी येत होती, आता किती वर्षं झाली.”

मला वाटलं शालन माझ्याकडे बघेल. वर्षभर ती पाणी प्यायचं तरी मला विचारायची. तिने बघितलं नाही. तिने सबनीसबाईंना वरपासून खालपर्यंत बघितलं, वजन जोखलं, आणि म्हणाली, “जमंल की. हातातलं घड्याळ काढून ठेवा. आणि तुम्ही जरा जड हाय, तर हात आखडून ऱ्हावा. झुकायचं काम माझं.”

एका अनोळखी बाईचे, फुगडी विसरलेल्या बाईचे हात धरून शालन मागे झुकली. बाईंचे हात धड बसले नव्हते, त्यांची पकड ढिली होती, हे मला लांबूनही दिसत होतं. शालनला ते माझ्याआधी कळलं असणार. तरी ती झुकली. थोडंसं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, आणि त्याच्या शंभरपट आनंद झाला. सबनीस त्या दोघींभोवती फिरत “जपून, जपून” करत होते, त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. खाली पाळी धरून पोरगी उभी होती, तिच्यामागे आणखी दोघी-तिघी, पिशव्या भिंतीशी ठेवून, ओढण्या कमरेला बांधून.

माझ्या हातातल्या शालनच्या पर्समध्ये फोन वाजला. मालनआक्का.

“शालन कुठं हाय? तिला दे जरा. नावं द्यायला निगालोय मी.”

“ती कामात हाय,” मी म्हणाले.

“कसल्या कामात? डॉक्टर काय म्हणला?”

“फुगडी घालाय लागलीया.”

मग मालनआक्का जपून म्हणाली, “आणि तू फोनवर कशी? ती कुणाबरोबर घालाय लागलीया?”

“कुणाबरोबर म्हणजे? रांग लागलीया हितं.”

“छबू, खरं सांग गं माझ्या बाई. तिचं नाव काढू का राहू दे?”

समोर दिवे पुन्हा एकेक करून लागत होते.

“राहू दे,” मी म्हणाले. “आणि फोन ठेव आता. मला बघू दे.”